पोरीनं मैदान सोडलंय, परत पाठवू की नको?

बाई, नमस्कार.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे. धाकटी मुलगी यंदा दहावीला, मराठी शाळेत. सहावीपासून खो-खो खेळते. ऑगस्टात तालुक्याची फायनल होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक गडी बाद झाला असता तर बरोबरी झाली असती, आणि ही खो मिळायच्या आधीच उठली. फाऊल झाला, पळणारी पोरगी निसटली, एका गुणानं हरले. पीटीचे सर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हिच्यामुळं गेली मॅच." कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं, ते वर्गाच्या ग्रुपवर फिरलं. तेव्हापासून ती ग्राउंडावर पाय ठेवत नाही. पीटीचा तास असला की सकाळी पोट दुखतंय म्हणते. रात्री उशिरापर्यंत जागी असते. आमचे मालक म्हणतात, बरं झालं सुटलं, आता एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्डाचा अभ्यास करू दे, मुलीला काय करायचाय खेळ. थोरला मुलगा भरतीसाठी पहाटे पळतो. मागच्या खेपेला त्याचं रनिंगमध्ये गेलं, तर त्याला मात्र म्हणाले, परत पळ. सगळे सांगतात खेळानं मन घट्ट होतं. माझ्या पोरीचं तर खेळानंच मोडलं. तिला जबरदस्तीनं पाठवू, का सोडून देऊ?

एक आई, खानापूर तालुका

ताई,

तुमच्या पत्रातलं "माझ्या पोरीचं तर खेळानंच मोडलं" हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. आपल्याकडं खेळाबद्दल असं कुणी बोलत नाही, म्हणून ते लिहिल्याबद्दल तुमचे आभार. मी या जिल्ह्यातल्या शाळांमधून सत्तावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. क्रीडादिनाला माईक हातात घेऊन "खेळानं मन कणखर बनतं" असं मीही दरवर्षी सांगायचे. आता ते तसंच्या तसं माझ्या तोंडून निघणार नाही. खेळ मुलांना हरवतो, आणि वारंवार हरवतो. हरल्यावर मूल मान खाली घालून बाहेर येतं, तेव्हा तिथं उभी असलेली मोठी माणसं काय करतात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तुमच्या मुलीचा घात त्या फाऊलनं केलेला दिसत नाही मला. त्यानंतरच्या पाच मिनिटांनी आणि त्या व्हिडिओनं केलाय.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. जबरदस्ती करू नका आणि सोडूनही देऊ नका. आधी मैदानावरची आणि घरातली परिस्थिती आपण मोठ्यांनी बदलायची, मग परत जायचं का ते तिला ठरवू द्यायचं. याला महिना लागेल, कदाचित दोन.

पोटदुखीपासून सुरुवात करू. घरात कुणी "नाटक करतीस" म्हणत असेल तर ते आजपासून बंद झालं पाहिजे. ते दुखणं खरं असतं. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, आतड्यांचं काम बिघडतं. मग पोटात मुरडा येतो, मळमळतं, जेवण नकोसं होतं. परीक्षेच्या सकाळी आपल्यालाही असंच व्हायचं. तुमच्या मुलीची ती सकाळ दर आठवड्याला परत येते, आणि आदल्या रात्रीपासूनच ती तिची वाट बघत जागी राहते. तरीपण एकदा डॉक्टरांना दाखवाच. दुखण्यानं झोपेतून जाग येत असेल, वजन उतरलं असेल, ताप येत असेल किंवा पाळीत फार अंगावर जात असेल तर उशीर करू नका. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. पाळी सुरू झालेल्या आणि रोज पळणाऱ्या मुलींना लोह कमी पडतं. रक्त कमी असलं की मुलगी लवकर दमते, चिडते, तिचं पुस्तकातही लक्ष लागत नाही, आणि आपण मात्र तिच्या स्वभावाला दोष देतो. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती खरंच घेते का, तेवढं विचारा. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली मळमळतं म्हणून ती गोळी दप्तरात टाकून घरी न्यायच्या. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली की त्रास पुष्कळ कमी होतो.

आता ते अर्धं मिनिट. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, पण तिच्या डोक्यात ते रात्री पन्नास वेळा घडत असणार.

खो-खो लांबून बघणाऱ्याला वाटतं की या खेळात पळणं अवघड. खेळलेल्याला विचारा, अवघड असतं ते बसणं. आठ जणी चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. समोरून हाताच्या अंतरावरून विरुद्ध संघाची पोरगी जाते, हात शिवशिवतात, तरी उठायचं नाही. मागून पाठीला हात लागला पाहिजे आणि "खो" ऐकू आलं पाहिजे, तोवर मांड्या ताणून, श्वास धरून बसायचं. त्यात शेवटचं अर्धं मिनिट, कडेला दोन्ही गावांची माणसं ओरडताहेत, आणि एक गुण हवाय. तिथं ती आधी उठली. म्हणजे तिला तो गुण संघासाठी इतका हवा होता की मन सावरायच्या आत अंग उठलं. पंधराव्या वर्षी हे होतं. "थांब, अजून नाही" असं सांगणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत राहतो. भावना उसळवणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोर धरते. ब्रेक अजून बसवायचे आहेत आणि गाडी घाटात आहे, असं हे वय. तिला हे सांगा. "तू चुकलीस तरी चालेल" असं सांगून भागणार नाही, कारण चूक झाली हे तिला माहीत आहे. ती का झाली हे कळलं की तिला स्वतःची लाज कमी वाटेल.

आणि याच कारणासाठी मला वाटतं की तिचा खेळ सुटू नये. छाती धडधडणं, तोंडाला कोरड, गार पडलेले हात, हे सगळं एसएसएलसीच्या हॉलमध्येही होणार आहे, पुढं मुलाखतीत होणार आहे, लग्नाच्या बोलणीतही होईल. मैदानावर ते मुलीला कोवळ्या वयात, पुन्हा पुन्हा आणि थोड्या मापात भेटतं. पाठलागाचा डाव संपतो, दोन घोट पाणी पिऊन ती बचावाला उतरते. धडधड चढते, उतरते, परत चढते. धडधड आली तशी जातेही, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. ते अंगालाच कळावं लागतं. चांगल्या मास्तरांच्या हाताखाली दोन-तीन वर्षं खेळलेली मुलगी पेपर हातात पडल्यावर घाबरत नाही असं नाही, पण घाबरल्यावर काय करायचं ते तिला ठाऊक असतं.

खेळ बंद झाल्यापासून तिचं काय काय बंद झालंय ते मोजून बघा. संध्याकाळचा दमणारा व्यायाम गेला, त्यामुळं झोप लागेना. ज्या मैत्रिणींबरोबर ती हसायची त्या मैदानावरच्या होत्या, त्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ. या वयाला झोप आठ ते दहा तास लागते. दहावीच्या वर्गात आपण यातलं दोन्ही काढून घेतो. पीटीचा तास गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यावर स्टाफरूममध्ये भांडलेही आहे. फार थोड्या वेळा जिंकले. व्यायामानं मनाचे सगळे आजार बरे होतात असं मी म्हणत नाही, कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण नियमित हालचाल असलेल्या मुलांमध्ये उदासी आणि चिंतेची लक्षणं कमी दिसतात, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढं आलंय. मैदानावर उभं राहून पाहिलेल्या माझ्या मुलींवरून मलाही तेच सांगावंसं वाटतं.

आपल्याकडच्या तालमींत खाशाबा जाधवांचा फोटो असतोच. पोरांना १९५२ सांगतात: हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी माझ्या मुलींना नेहमी १९४८ सांगायचे. लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले आणि सहावे आले. मातीत घडलेला मल्ल, आणि तिथं कुस्ती मॅटवर. हात हलवत परत आले. चार वर्षांनी पुन्हा जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांच्या जिद्दीबद्दल सगळे बोलतात. मला त्या गहाण टाकलेल्या घराचं फार वाटतं. सहाव्या आलेल्या पोराच्या पाठीशी एक शिक्षक उभा राहिला. तुमच्या मुलीला आज कुणाचं घर गहाण पडायला नको आहे, एक वाक्य हवं आहे. ते तिच्या सरांच्या तोंडून हवं आहे, आणि ज्यांच्यासमोर ती बोलणी बसली त्यांच्यासमोरच हवं आहे.

इथं मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली. चार गुणिले शंभर रिलेत आमच्या शाळेच्या मुलीच्या हातून बॅटन पडलं. आम्ही पुढं होतो. मी तिला बोलले, काय बोलले ते मला आठवतही नाही. पंधरा-सोळा वर्षांनी ती मला बाजारात भेटली, कडेवर मूल होतं. पाया पडली. बोलता बोलता म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुम्ही शिट्टी जमिनीवर आपटली होती. त्यानंतर मी कधी पळाले नाही." मी शिट्टी आपटली होती. मला हे अजिबात माहीत नव्हतं. मी घरी गेले, जेवण गेलं नाही. तिच्या आयुष्यातली ती दुपार माझ्यासाठी एक हरलेली स्पर्धा होती, दुसऱ्या दिवशी विसरलेली.

म्हणून ताई, त्या सरांवर राग धरून जाऊ नका. ते वाईट असतील असं मला वाटत नाही. स्पर्धेच्या दिवशी पीटी मास्तरावर काय असतं ते मला माहीत आहे. क्लस्टर, तालुका, जिल्हा, विभाग अशी शिडी असते, प्रत्येक पायरीला हेडमास्तर विचारतात काय झालं, आणि वर्षभर ज्या तासाला कुणी किंमत देत नाही त्याची किंमत त्या एका निकालावर ठरते. त्यांनाही कदाचित ते वाक्य आठवत नसेल. शाळा सुटल्यावर, ते एकटे असताना जा, आणि सरळ सांगा: "सर, त्या दिवशीपासून ती रात्री झोपत नाही. तुम्ही तिला घडवलंय, तुमचा शब्द तिला लागतो. सगळ्या मुलींसमोर एकदा एवढं म्हणा की मॅच सगळ्यांची होती आणि मी बोललो ते चुकलं." बहुतेक मास्तर यावर विरघळतात. "ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला लावा" हेही त्यांनाच सांगा; वर्गशिक्षकांनी वर्गात सांगितलं की मुलं काढतात, आईनं सांगितलं की अजून चार ठिकाणी पाठवतात.

सर ऐकेनात, उलट तिला आणखी टोमणे मारू लागले, तर मात्र हेडमास्तरांकडं लेखी द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. २००९ चा तो कायदा ६ ते १४ वयासाठी आहे आणि तुमची मुलगी त्यापुढं गेली, हे खरं. पण दहावीच्या मुलीला अपमान चालतो असं म्हणायची हिंमत कुठलाच हेडमास्तर करणार नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही लक्षात असू द्या.

यापुढचं मुलीच्या वडिलांना वाचून दाखवा.

दादा, तुमचा मुलगा पहाटे अंधारात उठून पळतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आपल्या भागातल्या पोरांच्या मनात ती वर्दी लहानपणापासून असते, म्हणून आपल्या रस्त्यांवर पहाटे इतकी पोरं पळताना दिसतात. तो १६०० मीटरला मागं पडला तेव्हा तुम्ही त्याला "परत पळ" म्हणालात. किती बरोबर बोललात. त्या दोन शब्दांनी तो दुसऱ्या दिवशी उठला. तुमच्या मुलीला ऑगस्टापासून घरात ते दोन शब्द कुणी म्हटलेले नाहीत. तिनं ते भावासाठी ऐकले आहेत आणि स्वतःसाठी "बरं झालं सुटलं" ऐकलंय. ती याचा अर्थ काय लावत असेल? मुलीच्या खेळाचं काय, असं तुम्ही विचारता. आपल्याच बेळगावची मलप्रभा जाधव २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक घेऊन आली. पण मी तुम्हाला पदकाची आशा दाखवत नाही. पदक नाहीच मिळालं तरी तिला खेळाचा उपयोग आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर ती आता संध्याकाळी मैदानावर नाही, म्हणून पुस्तकात आहे का? रात्री जागते, सकाळी पोट धरून बसते. तो तास अभ्यासाला मिळालेलाच नाही. संध्याकाळी पाऊण तास खेळून आलेली मुलगी नऊला डोळे चोळत का होईना, वाचते आणि दहाला झोपते. एसएसएलसी महत्त्वाची आहेच. पण २०२४ पासून त्या परीक्षेलासुद्धा एकाच वर्षात एकाहून जास्त संधी आहेत, आणि आधीच्यापेक्षा कमी पडले तर चांगले गुण धरतात. बोर्डानं दुसरा डाव दिलाय, आपण घरात द्यायला काय हरकत आहे? आणखी एक. दहावीनंतर ती पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला जाईल, तिथं माध्यम इंग्रजी नाहीतर कन्नड. मराठी शाळेतून गेलेली किती हुशार मुलं त्या पहिल्या वर्षी गप्प होतात, वर्गात शेवटच्या बाकावर जातात, ते मी पाहिलंय. त्यातली जी खेळायची ती तगायची. मैदानावर भाषा अडत नाही, खो दोन्हीकडं खोच असतो. नव्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात तिला चार कन्नड मैत्रिणी मिळाल्या तर त्या मैदानावरच मिळतील.

आता ताई, पुढच्या महिन्याचं.

पहिले आठ-दहा दिवस मैदानाचं नावही काढू नका. संध्याकाळी तिला घेऊन शिवारापर्यंत चालून या, अर्धा तास, फोन घरी ठेवून. ती बोलली तर ऐका. "जाऊ दे गं, खेळच तर होता" म्हणू नका. तिच्यासाठी तो नुसता खेळ नव्हता. शेजारच्या मुलीचं उदाहरण देऊ नका. ती त्या अर्ध्या मिनिटाबद्दल बोलायला लागली तर एवढंच विचारा, "तेव्हा तुला काय दिसत होतं?" मग गप्प राहा. रात्री घरातले सगळेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचेही. एकट्या तिचा काढून घेतला तर ती शिक्षा होते. आणि या थांबण्याला कुणी पळपुटेपणा म्हणालं तर त्यांना सिमोन बाइल्सचं सांगा. जगातली सगळ्यात मोठी जिम्नॅस्ट, २०२१ मध्ये टोकियोत हवेत उडी घेतल्यावर शरीराचा अंदाज येईना म्हणून ऐन ऑलिंपिकमध्ये थांबली. २०२४ मध्ये पॅरिसला तिनं तीन सुवर्णपदकं घेतली.

दुसऱ्या आठवड्यात संघातली एखादी मैत्रीण घरी येऊ दे. जिच्याशी तिचं बरं जमतं तीच, कप्तान असली पाहिजे असं नाही. दोघी अंगणात दोरीवरच्या उड्या मारतील, भावाबरोबर पहाटे थोडं पळतील. भावाला सांगा तिला बरोबर ने म्हणून. हरलेल्याला हरलेल्याची संगत बरी वाटते, आणि तो तिला जे सांगेल ते तुम्ही-मी सांगू शकणार नाही.

मग मैदान, पण खेळायला नाही. सरांना सांगून तिला सहावी-सातवीच्या मुलींचा सराव बघायचं काम द्या: वेळ लावायची, खांबाजवळ उभं राहून फाऊल बघायचे. लहान मुली दिवसभरात वीस वेळा आधी उठतात. ते ती बाहेरून बघेल. मी हे मुद्दाम सांगतेय. जी चूक आपल्या एकटीची वाटत होती ती सगळ्यांची आहे, हे तिला कुणी न सांगता दिसेल.

त्यानंतर ती तयार असेल तर एक सराव आहे. मी तो माझ्या संघांकडून करून घ्यायचे. ती चौकोनात बसेल. मागून मैत्रीण पळत येईल, टाळी वाजवेल, तिच्या नावानं ओरडेल, पाय आपटेल, पण खो देणार नाही. हिनं बसून राहायचं. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास लांब सोडला की धडधड उतरायला मदत होते. चार-पाच वेळा फसवायचं, मग एकदा खरा खो, आणि मग सुटायचं. दहा मिनिटं पुरेत. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा आधी उठेल. रडेलही. उठू दे, रडू दे, परत बसू दे. आठवड्याभरात तिच्या लक्षात येईल की आपण बसू शकतो. ती दुपार यामुळं पुसली जाणार नाही, पण तीच गोष्ट आता तिला येते, एवढं तिच्या हातात राहील. लांब श्वासाचा हाच सराव पुढं पेपरच्या आधी तिला उपयोगी पडेल.

हे सगळं करूनही ती म्हणाली की मला खो-खो नको, तर ऐका. लांब उडी असेल, नुसतं पळणं असेल, आत्याच्या गावाला सायकलनं जाणं असेल. खेळ कुठला ते तिचं तिनं ठरवावं. रोज तासभर अंग हलवणं मात्र घरातल्या जेवणासारखं पक्कं असू दे. पाळीच्या दिवसांत तिला वाटलं तर खेळेल, नाहीतर थांबेल, त्यावर घरात चर्चा नको. गुडघ्याखालच्या हाडाला दुखतंय म्हणाली तर "सोस" म्हणू नका, वाढीच्या वयात तिथं खरंच दुखतं आणि विश्रांती लागते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. जगात १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खेळाडू मुलं त्यातून सुटत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त तिला कशातच गोडी वाटत नसेल, जेवण तुटलं असेल, मैत्रिणींशीही बोलणं बंद असेल, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं एकदा जरी तिच्या तोंडून निघालं, तर माझ्या या सगळ्या सल्ल्याची वाट बघू नका. त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा. ही टेलि-मानस हेल्पलाइन सरकारची आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि भाषा निवडता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात, आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. गावात कुणाला कळेल याची भीती वाटत असेल तर सांगायला जाऊ नका, तालुक्याला काम आहे म्हणून निघा. पण तिला एकटीला पाठवू नका, बरोबर बसा. "तू मरायचा विचार करतेस का" असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्यांना मोकळं वाटतं.

पत्रावरून मला तसं वाटत नाही. ती शाळेला जाते आहे, पोट दुखतंय म्हणून तुमच्याशी बोलते आहे, आणि तुम्ही तिच्याकडं इतकं बारीक बघता आहात.

सरांना भेटायला जायच्या आधी तिला विचारा. तिच्या पाठीमागं जाऊ नका. तिला कळलं की आई शाळेत जाऊन आली तर परत सगळ्यांसमोर आपलाच विषय निघाला असं तिला वाटेल. "मी सरांशी बोलू का?" एवढंच विचारा. नको म्हणाली तर चार दिवस थांबा आणि चालायला गेल्यावर पुन्हा विचारा. हो म्हणाली तर जाताना तिच्या बाबांना बरोबर घेऊन जा.

तुमची,
बाई